फडताळाची साक्ष

श्रोतेहो, इतिहास म्हटला म्हणजे किल्ले, लढाया आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. घरातले कपाट काही आठवत नाही. पण कपाट हाही इतिहासाचा साक्षीदार आहे. आज त्याचीच साक्ष काढू या.

आधी जरा लांब जाऊ. युरोपच्या उत्तरेला डेन्मार्क हा चिमुकला देश आहे. दूधदुभते आणि सहकार यांसाठी नावाजलेला. तिथल्या ग्राहकांच्या सहकारी संघाने १९४२ साली बोर्गे मोगेन्सन या तरुणाला आपल्या फर्निचर विभागाचा प्रमुख नेमले. साध्या माणसाला परवडेल असे टिकाऊ सामान करायचे, हा हेतू. पुढे १९५० नंतरच्या दशकात मोगेन्सन आणि ग्रेटे मायर या बाईंनी मिळून भिंतीलगतची कपाटे आखली. सुरुवात कशाने केली, तर मोजमापाने! घरात सदरे किती, घडी घातल्यावर ते केवढे होतात, ताटल्या किती, चमचे किती, हे मोजले. मग खणांची मापे ठरवली. नक्षी नाही, बडेजाव नाही. त्या काळची पुष्कळशी डॅनिश कपाटे सागाची असत, आणि तो साग आपल्या आशियातून, थायलंडसारख्या देशांतून जाई.

आता परभणीकडे परत या. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत सागवानी फडताळे असत. त्यांचा नकाशा कुणी कागदावर काढला नव्हता. पण माप आपला सुतारही घेतच होता. भिंत किती जाड, आणि घरात जपायचे काय? धान्य कणगीत किंवा पेवात जाई. फडताळात राहत पोथ्या, हिशेबाच्या वह्या, मोडीतली पत्रे आणि निजामी अमलातल्या उर्दू पावत्या. म्हणजे बघा, खण उघडला की घराने काय मोलाचे मानले ते कळते.

१९२३ साली मुंबईत गोदरेजने पोलादी कपाटे करायला घेतली. हळूहळू लोखंडी कपाट खेड्यापर्यंत आले. वाळवी लागत नाही, कुलूप भक्कम. लोकांनी ते घेतले यात गैर काहीच नाही. चूक होते ती पुढे. जिंतूर तालुक्यातल्या एका पाडलेल्या वाड्यात मी गेलो, तेव्हा फडताळाच्या फळ्यांना चांगला भाव आला होता. आतले कागद? ते बंबात गेले होते. आठ दिवस पाणी तापले, असे घरच्या आजीबाईंनी सांगितले.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली आपला पहिला खंड छापला, तो वाईस एका घरी मिळालेल्या जुन्या पत्रांच्या बळावर. पानिपतच्या काळाची ती पत्रे कुणी बंबात घातली असती तर?

म्हणून शिक्षकबंधुभगिनींनो, एवढे करा. मुलांना गावातले एक जुने फडताळ दाखवा. त्याची लांबी-रुंदी मोजून घ्या, कुठल्या खणात काय असे ते घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. आणि घरधन्यांनो, फळ्या खुशाल विका. पण त्याआधी प्रत्येक खण एकदा उघडून बघा.