डोक्यावरच्या टॉवेलची कुळकथा

फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात बघत एक मुलगा डावीकडे तोंड करून पैसे मागतो. पुढच्याच क्षणी त्याच मुलाच्या डोक्यावर टॉवेल आलेला असतो. तो उजवीकडे बघतो, भुवई चढवतो आणि आवाज बारीक करून विचारतो, "कालचे कुठे गेले?" दाढीचे खुंट तेच, टी-शर्ट तोच, मागची भिंतही तीच. तरीही बघणाऱ्याला ती आई आहे हे सांगावं लागत नाही. आज इन्स्टाग्रामवर मराठी, हिंदी, तमिळ, बंगाली अशा कुठल्याही भाषेत ही रीत दिसते. ती इतकी सवयीची झाली आहे की तिला धड नावही नाही आणि ती आली कुठून, असं कुणी विचारत नाही. पण या टॉवेलचं घराणं मोठं आहे, आणि त्याच्या भारतीय शाखेचा एक ठळक धागा दिल्लीतल्या एका मराठी मुलापाशी पोचतो.

भुवन बाम याचा जन्म १९९४चा, वडोदऱ्यातल्या मराठी कुटुंबातला. तो वाढला आणि शिकला दिल्लीत. दिल्ली विद्यापीठाच्या शहीद भगतसिंग कॉलेजात त्यानं इतिहास घेतला होता आणि हॉटेलांमध्ये तो गाणी गायचा. २०१४ साली काश्मीरमध्ये महापूर आला. पुरात मुलगा गमावलेल्या एका बाईला एक वार्ताहर निर्दयपणे प्रश्न विचारत होता. त्या वार्ताहराची नक्कल करून भुवननं फोनवर एक छोटा व्हिडिओ केला. तो आधी गाजला पाकिस्तानात. त्यातून उमेद येऊन जून २०१५मध्ये त्यानं यूट्यूबवर 'बीबी की वाइन्स' हे चॅनल काढलं. बीबी, त्याचे मम्मी-पापा, टीटू मामा, बबली सर, मित्रमंडळी ही सगळी पात्रं तो एकटाच करायचा. संहिता त्याची, छायाचित्रण त्याचं, आणि फोन धरणारा हातही त्याचाच. २०१८मध्ये यूट्यूबवर एक कोटी सबस्क्रायबरांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला भारतीय ठरला, म्हणजे कंपनी किंवा वाहिनी पाठीशी नसलेल्यांमधला.

त्या काळात भारतीय यूट्यूबवर विनोद म्हणजे प्रामुख्यानं मुंबईच्या मंडळींचं काम होतं. टीव्हीएफ, एआयबी या गटांकडे लेखकांचा चमू, नटसंच, चांगला कॅमेरा, संकलक असे. दिल्लीतल्या कॉलेजच्या पोरापाशी यातलं काहीच नव्हतं. त्याच्यापाशी खोली होती, गल्लीतली भाषा होती आणि पुढच्या बाजूलाही कॅमेरा असलेला फोन होता. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण स्वतःला बघत स्वतःचं चित्रण करण्याची सोय त्याच्या आधीच्या पिढीतल्या नकलाकाराला नव्हती.

चॅनलच्या नावातला 'वाइन्स' हा शब्द एका अमेरिकी ॲपचा. व्हाइन हे ॲप २०१२मध्ये तिघांनी मिळून बनवलं, त्याच वर्षी ट्विटरनं ते विकत घेतलं आणि जानेवारी २०१३मध्ये ते लोकांसमोर आलं. त्यात जेमतेम सहा सेकंदांचा व्हिडिओ बसे आणि तो संपला की आपोआप पुन्हा सुरू होई. या सहा सेकंदांविषयी पुष्कळ लिहिलं गेलं. टॉवेलच्या कुळकथेत मात्र त्या ॲपची वेगळीच एक सोय मोलाची आहे. पडद्यावर बोट टेकलेलं असेल तेवढाच वेळ चित्रण चाले. बोट उचललं की थांबे, पुन्हा टेकलं की पुढे सुरू होई. चित्रण आणि संकलन एकाच कृतीत. संगणकावर बसून जोडकाम करायची गरज नाही. एक वाक्य बोलायचं, बोट उचलायचं, डोक्यावर टॉवेल घ्यायचा, दुसरीकडे तोंड करायचं, पुन्हा बोट टेकायचं. दोन माणसांचा संवाद तयार! त्याच वर्षी व्हाइनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याची सोय आली आणि नट, छायाचित्रकार, संकलक हे तिघेही एका हाताच्या अंतरावर आले. अमेरिकेतल्या शाळकरी पोरांनी या सोयीतून आई, शिक्षिका, मैत्रीण अशी सगळी पात्रं एकट्यानं उभी केली.

त्याच्याही थोडं आधी, टोरांटोजवळच्या एका पंजाबी घरातली लिली सिंग २०१०पासून यूट्यूबवर व्हिडिओ करत होती. परमजीत आणि मनजीत ही तिची आईवडिलांची पात्रं. आई व्हायला ओढणी पुरे आणि बाप व्हायला रंगवलेली दाढी. परदेशातल्या कितीतरी भारतीय मुलांना त्यात आपलं घर दिसलं. व्हाइननं कापाची सोय दिली, लिलीनं देशी आईबाप दिले. भुवननं हे दोन्ही दिल्लीत आणून सहा सेकंदांतून बाहेर काढलं आणि मिनिटामिनिटांच्या गोष्टीत बसवलं.

इथे थांबलं तर कुळकथा अमेरिकेत सुरू होऊन दिल्लीत संपते. पण एका माणसानं पडद्यावर अनेक होण्याची हौस सिनेमाइतकीच जुनी आहे. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएसनं १९००मध्ये एका चित्रफितीत सात वादक दाखवले आणि सातही तो स्वतःच होता. भिंगाचा एक भाग झाकून चित्रण करायचं, फिल्म मागे गुंडाळायची, मग दुसरा भाग झाकून पुन्हा चित्रण करायचं, अशी ती करामत. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांच्या 'लंका दहन'मध्ये, १९१७ साली, अण्णा साळुंके या एकाच नटानं राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामतीही त्यांचीच. राम-सीतेची ही जोडी भारतीय पडद्यावरची पहिली दुहेरी भूमिका मानली जाते. मेलिएसनं सांधा लपवून लोकांना चकित केलं. साळुंक्यांच्या बाबतीत काम सोपं होतं: वेश बदलला, की नट एक असला तरी राम वेगळा आणि सीता वेगळी, हे प्रेक्षकानं मान्य केलं.

प्रेक्षकाची ही तयारी सिनेमानं घडवलेली नाही. नाट्यशास्त्रानं सांगितलेल्या दहा रूपकांत 'भाण' नावाचा एक प्रकार आहे. त्यात रंगमंचावर एकच पात्र असतं, बहुधा शहरात भटकणारा एखादा चतुर, रंगेल माणूस, म्हणजे विट. तो बाजारातून, गल्लीतून फिरतो, दिसत नसलेल्या माणसांशी बोलतो, आणि "काय म्हणालास?" असं विचारून त्यांचं उत्तर स्वतःच बोलून दाखवतो. या युक्तीला 'आकाशभाषित' म्हणतात. 'चतुर्भाणी' या नावानं ओळखले जाणारे चार जुने भाण आजही वाचायला मिळतात. त्यांत उज्जयिनी आणि पाटलिपुत्र इथले रस्ते आहेत, ढोंगी पंडित आहेत, गणिका आहेत, टवाळी आहे आणि सभ्य कानांना न झेपणारी भाषाही आहे. शहरी माणसाच्या ढोंगावर एकट्यानं बोलत सुटणारा हा विट दिल्लीच्या टीटू मामाला परका वाटला नसता.

भाण पंडितांच्या ग्रंथांत राहिला. गावोगाव पोचला तो कीर्तनकार. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात आख्यान रंगू लागलं की बुवा एकटेच राजा होतात, राणी होतात, दूत होतात. उपरण्याचं टोक डोक्यावरून घेतलं की राणी. तेच कमरेला बांधलं की योद्धा. मागे झांज आणि पेटी, समोर गाव. उपरण्यात राणी बघायला पिढ्यान्‌पिढ्या शिकलेल्या या प्रेक्षकाच्या पोरांना टॉवेलमध्ये आई दिसणं अवघड नव्हतं. बहुरूप्यानं हेच दारोदार केलं. आज पोलीस, उद्या साधू. आणि सोंग उतरल्यावर बिदागी.

मराठी नागर रंगभूमीवर हा धागा दोन देशपांड्यांनी पुढे नेला. पु. ल. देशपांड्यांनी १९६१मध्ये 'बटाट्याची चाळ' एकट्यानं रंगभूमीवर उभी केली. सोकाजी त्रिलोकेकर, अण्णा पावशे अशी अख्खी चाळ एका माणसाच्या आवाजात आणि खांद्यांच्या हालचालीत मावली. मग मराठवाड्यातून लक्ष्मण देशपांडे आले. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगात ते सुमारे तीन तास एकटे रंगमंचावर असत आणि बावन्न पात्रं उभी करत. ते औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत. आपल्या हातातल्या साधनाची ताकद त्यांना नेमकी ठाऊक होती. एका पात्रातून दुसऱ्यात जाताना अंगाची वळण्याची दिशा, मानेचा कोन आणि नजर कुठे टेकते हे बदललं की पुरे. फोनसमोर आज डावीकडे आणि उजवीकडे बघणारी मुलं करतात ते हेच.

दिल्लीतल्या मराठी मुलानं भाण वाचले होते किंवा वऱ्हाडाची ध्वनिफीत पाठ केली होती, असा माझा दावा नाही. वारसा नटाच्या बाजूनं आला की नाही, हे सिद्ध करण्याची गरजही नाही. तो प्रेक्षकाच्या बाजूनं आला. कमी खुणांवरून माणूस ओळखायचा, उरलेलं आपल्या मनात पुरं करायचं, हे शिक्षण या देशातल्या प्रेक्षकानं कीर्तनाच्या मांडवात आणि नाटकाच्या पिटात घेतलेलं आहे. ॲपनं कापाची सोय दिली. ती सोय कलेच्या कामी आली ती या शिक्षणामुळे. म्हणूनच 'स्वस्तातला विनोद' म्हणून या रीतीची बोळवण करणं मला पटत नाही. साधनं कमी आहेत हे खरं. पण कमी साधनांत माणूस उभा करणं हे अभिनयाचं सर्वांत जुनं काम आहे.

ही रीत वणव्यासारखी पसरली त्याला एक रोकडं कारण आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि सुरुवातीचे काही महिने डेटा फुकट मिळाला. त्याआधी एका जीबीला दोनशे-अडीचशे रुपये मोजणारा माणूस व्हिडिओ जपून बघत असे. आता खेड्यातलं पोरही दिवसभर बघू लागलं आणि लवकरच स्वतः टाकूही लागलं. दिल्लीत अमित भडाना, हर्ष बेनीवाल पुढे आले. शेजारच्या फरिदाबादमध्ये अजेय नागर, म्हणजे कॅरीमिनाटी, वेगळ्या वाटेनं तिथेच पोचला. 'काउंटर-स्ट्राइक' हा खेळ खेळताना तो सनी देओलच्या आवाजात बोलायचा. चेहरा दिसत नाही, पडद्यावर फक्त बंदुकीचं टोक, आणि तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे देओल उभा. हाही बहुरूपीच, फक्त त्याचं सोंग गळ्यात होतं. त्याला मोठी ओळख मिळाली ती २०१६मध्ये त्यानं भुवनचीच खिल्ली उडवली तेव्हा. इकडे ठाण्याची प्राजक्ता कोळी २०१५पासूनच शोभा, राजूभाई आणि माँटू अशी अख्खी पात्रमाळ एकटी करत होती. बाई बापाचं सोंग घेऊ लागली, तेव्हा विनोदाची धार कुणाकडे वळते हेही बदललं.

या घराण्याचे दोषही सांगायला हवेत. दिल्लीच्या शाखेत शिव्या फार. पोरांना गल्लीचा खरेपणा हवा होता, त्या नादात शिवी हीच पुष्कळदा विनोदाची जागा घेऊ लागली. टॉवेलखालची आई पुष्कळांच्या हातून कायम आरडाओरडा करणारी, अडाणी बाई झाली. पु. लं.ची चाळ आजही टिकून आहे, कारण तिथल्या प्रत्येक विक्षिप्त माणसावर लेखकाची माया आहे. सोंग घेणाऱ्याला ज्याचं सोंग घ्यायचं त्याच्याविषयी आच असावी लागते. ती नसली की उरते ती नुसती टवाळी.

भुवन पुढे मोठ्या कामाकडे वळला. २०२१च्या 'ढिंढोरा' या मालिकेत त्याची जुनी पात्रं संगणकीय करामतीनं एकाच चौकटीत समोरासमोर बसली. मेलिएसची वाट त्यानं पुन्हा धरली आणि सांधा लपवला. काम देखणं झालं. पण टॉवेल घेताना बघणाऱ्यावर जो विश्वास टाकलेला असतो, त्याची गरज तिथे उरली नाही. मूळ रीत तोवर इतरांच्या हाती गेली होती. व्हाइन जानेवारी २०१७मध्ये बंद पडलं. टिकटॉकवर २९ जून २०२० रोजी भारतात बंदी आली आणि ८ जुलैला इन्स्टाग्रामनं इथे रील्स सुरू केल्या. ॲप बदलत गेली, टॉवेल तोच राहिला.

ॲप बंद पडतं तेव्हा त्यावरचं काम कुठे जातं, याची चिंता आपण करायला हवी. 'लंका दहन'चे आज थोडेच तुकडे उरले आहेत. अण्णा साळुंक्यांचा राम आणि सीता पूर्ण बघणं आता कुणालाही शक्य नाही. टिकटॉकवर खेड्यापाड्यांतल्या मराठी पोरापोरींनी केलेली हजारो सोंगं एका रात्रीत नजरेआड झाली. त्यातली काही त्यांच्या स्वतःच्या फोनमध्येच असतील. विद्यापीठांच्या नाट्यशास्त्र विभागांनी, लोककलेच्या अभ्यासकांनी ही सोंगं गोळा करावीत, करणाऱ्यांशी बोलावं, कुणी कापडाचा काय उपयोग केला हे लिहून ठेवावं. ती आत्ता करता येण्याजोगी गोष्ट आहे, कारण ही माणसं अजून तरुण आहेत आणि त्यांचे फोन अजून चालू आहेत.