रक्तातलं ड्रग शोधायला 'द्रवरूप मीठ' कसं उपयोगी पडतं?

ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी नालासोपाऱ्यात छापा टाकून ७०० किलोहून जास्त मेफेड्रोन म्हणजेच 'एमडी' जप्त केलं. त्याची किंमत सुमारे १,४०० कोटी रुपये सांगितली गेली.

पकडलेली पावडर नेमकी कशाची आहे, हे ओळखणं तुलनेने सोपं असतं. पण एखाद्याच्या मृत्यूमागे ड्रग आहे का, हे रक्तातून शोधणं अवघड. तिथे मोजमाप नॅनोग्रॅममध्ये होतं. १ नॅनोग्रॅम म्हणजे १ ग्रॅमचा १०० कोटीवा भाग.

नमुना कुठे जातो?

संशयास्पद मृत्यू असेल तर पोस्टमॉर्टेममध्ये डॉक्टर कारण राखून ठेवतात. रक्त आणि व्हिसेरा (पोट, यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांचे भाग) तपासणीसाठी राज्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जातात. या प्रयोगशाळांच्या संचालनालयाचं मुख्यालय मुंबईत कलिना इथे आहे. रिपोर्ट येईपर्यंत घरच्यांना वाट पाहावी लागते.

रक्त थेट मशीनमध्ये का घालत नाहीत?

रक्तात प्रथिनं, चरबी, पेशी, क्षार असं बरंच काही असतं. त्यातून आधी ड्रग वेगळं काढावं लागतं. याला एक्स्ट्रॅक्शन म्हणतात. नेहमीच्या एका पद्धतीत त्यासाठी सेंद्रिय सॉल्व्हंट वापरतात. ही सॉल्व्हंट हवेत उडून जाणारी आणि अनेकदा ज्वलनशील किंवा विषारी असतात.

आयनिक लिक्विड म्हणजे काय?

सोप्या भाषेत, द्रवरूप मीठ. आपलं स्वयंपाकाचं मीठ वितळायला सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. आयनिक लिक्विड मात्र १०० अंशांच्या आतच द्रव असतात, काही तर खोलीच्या तापमानालाही. त्यातले आयन मोठे आणि बेढब असतात, त्यामुळे ते घट्ट रचून बसत नाहीत. १९१४ मध्ये पॉल वाल्डेन यांनी १२ अंशांना वितळणाऱ्या अशाच एका क्षाराची नोंद केली होती.

ते ड्रग कसं खेचतं?

१. रक्ताचा पीएच असा ठेवतात की ड्रगवर विद्युतभार राहत नाही. मग त्याला पाण्यात राहणं नकोसं होतं.
२. पाण्यात न मिसळणारं आयनिक लिक्विड साधारण एका थेंबाएवढं घालून नमुना घुसळतात. ड्रग त्या थेंबात शिरतं.
३. नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. पाण्यापेक्षा जड असलेलं आयनिक लिक्विड तळाशी बसतं. तेवढंच काढून, पातळ करून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये तपासतात.

बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये या पद्धतीने रक्तातली बेन्झोडायझेपिन, म्हणजे झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्यांमधली औषधं मोजून दाखवली. डायझेपाम, अल्प्राझोलाम याच गटातली.

मग अडचण काय?

आयनिक लिक्विड सहजी उडून जात नाही. हा त्याचा फायदा, आणि तोटाही. ते नमुन्यातच राहतं आणि मशीनचं मोजमाप बिघडवू शकतं. त्याला सरसकट 'ग्रीन' म्हणणंही चूक आहे, कारण काही आयनिक लिक्विड पाण्यातल्या जीवांसाठी विषारी आहेत.

शिवाय अल्प्राझोलामसाठी चाललेली पद्धत मेफेड्रोनसाठी तशीच चालेल, असं गृहीत धरता येत नाही. प्रत्येक ड्रगसाठी ती वेगळी पडताळावी लागते. सरकारी तज्ज्ञाचा रिपोर्ट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली कोर्टात पुरावा ठरू शकतो. त्यावर कुणाचा तरी तुरुंगवास किंवा सुटका ठरणार असते, म्हणून इथे घाई परवडत नाही.

आपण काय लक्षात ठेवायचं?

'ड्रग आढळलं नाही' याचा अर्थ, जी ड्रग शोधली ती त्या पद्धतीला सापडली नाहीत, एवढाच. आणि 'आढळलं' म्हणजे मृत्यू त्यानेच झाला असंही नाही. त्यासाठी प्रमाण किती होतं ते पाहावं लागतं. म्हणून रिपोर्ट येण्याआधी कुणाच्या मृत्यूवर 'ओव्हरडोस' असा शिक्का मारणारा मेसेज आला, तर तो फॉरवर्ड करू नका.