आगबोटीच्या काळातलं बाळपण

साल 1909. तू दहा वर्षांचा आहेस आणि दाभोळच्या बंदरात उभा आहेस. मुंबईची आगबोट लांब नांगर टाकून थांबलीय, उतारू पडावात बसून किनाऱ्याकडे येतायत. मागे अंडा मशिदीचा घुमट, समोर वाशिष्ठीचं रुंद मुख. पडावातून तुझ्याच वयाचा एक मुलगा उतरतो. त्याच्या पायात चकचकीत बूट आहेत. तू अनवाणी. तुझी नजर काही केल्या त्या बुटांवरून हलत नाही.

घरी तू आईपाशी हट्ट धरतोस. ती रागावत नाही. वडाची पानं आणि हिराच्या काड्या तुझ्यापुढे ठेवते, “उद्या श्राद्ध आहे, पत्रावळी लाव.” टाका आवळला की पान फाटतं, सैल राहिला की आमटी गळते. तिसऱ्या पत्रावळीला हात बसतो. दिवेलागणीला देवापुढे हात जोडायचे, परवचा म्हणायचा, मग कुळथाचं पिठलं आणि भात. पानात शीत टाकायचं नाही. नियम पुष्कळ आहेत. पण प्रत्येक नियमाबरोबर आई आहे, म्हणून ते जाचत नाहीत.

तुझ्याच वयाचा एक मुलगा दापोलीपलीकडे पालगडला असाच वाढतोय, पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे पुढचे साने गुरुजी. 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात तो ‘श्यामची आई’ लिहील आणि तुझं हे बाळपण घरोघर पोचेल. तिकडे अमेरिकेत, घोडागाडीतून फिरणाऱ्या आणि साधे कपडे घालणाऱ्या आमिश लोकांतल्या एस्थर नावाच्या मुलीची गोष्ट व्हर्जिनिया सोरेन्सन 1955 मध्ये ‘प्लेन गर्ल’ या पुस्तकात सांगतील. शाळेत गेल्यावर एस्थरला दुसऱ्या मुलीच्या रंगीत कपड्यांची भूल पडते. तू तिला लगेच ओळखशील. अशा गोष्टींचं मोल मला इथंच वाटतं. साधेपणाचा उपदेश कुणीही करील. त्या साधेपणात वाढणाऱ्या मुलाला काय हवंहवंसं वाटतं, हे या गोष्टी त्या मुलाच्याच डोळ्यांनी दाखवतात.

आणि नियम कुठे चुकतो, तेही दाखवतात. तुझ्या दाभोळात सोवळं आहे, विटाळही आहे. रस्त्यात एखाद्या दलित म्हातारीची मोळी पडली, तर हात लावायचा नाही असं तुला कुणी तरी शिकवलेलं आहे. श्यामच्या गोष्टीत अशीच एक म्हातारी येते. लोक काय म्हणतील याची श्यामला धास्ती. आई मात्र त्याला मोळी उचलून द्यायला पाठवते आणि नंतर आंघोळ कर म्हणते. रूढी तिच्याकडून पुरती सुटत नाही, पण माणुसकी रूढीच्या पुढे जाते.

श्याम म्हणजे स्वतः साने. या मुलाने तिथून पुढचं पाऊल टाकलं. मे 1947 मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि दहा दिवसांनी विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं झालं. शिस्तीत वाढलेलं मूल शिस्तीचं गुलाम होतं, असं म्हणणाऱ्यांना हे उपोषण दाखवावं. प्रेमाने शिकवलेला नियम मुलाला इतका आपला वाटतो, की तो चुकतोय असं दिसलं तर बदलण्याची जबाबदारीही तो स्वतःवर घेतो.

तुझ्या हातात अजून काड्या आहेत. पुढची पत्रावळ लाव.