वृद्धिशील पुनर्गणनेची चाचणी

वृद्धिशील पुनर्गणना ही संगणकशास्त्रातील एक पद्धत आहे. या पद्धतीत फलनाने, म्हणजेच फंक्शनने, एकदा काढलेले उत्तर साठवून ठेवतात आणि ज्या इनपुटवर ते अवलंबून आहे ते बदलले तरच पुन्हा काढतात. उत्तर साठवण्याच्या तंत्रास मेमोइझेशन म्हणतात. डोनाल्ड मिकी यांनी १९६८ साली 'नेचर' या नियतकालिकात 'मेमो फंक्शन' ही संकल्पना मांडली. तिच्या आधारे वृद्धिशील गणना करण्याची रीत विल्यम प्यू व टिम टायटेलबॉम यांनी १९८९ मध्ये मांडली.

चाचणीची गरज

या पद्धतीत दोन प्रकारचे दोष संभवतात. इनपुट बदलूनही जुनेच उत्तर मिळणे हा पहिला, तर गरज नसताना पुन्हा गणना होणे हा दुसरा. दुसऱ्या दोषाने केवळ वेळ वाया जातो. पहिला अधिक घातक असतो, कारण आज्ञावली न थांबता चुकीचे उत्तर देते.

रस्ट या भाषेच्या १.५२.० आवृत्तीत (मे २०२१) साठवलेल्या उत्तरांची पडताळणी सुरू होताच कंपायलरमध्ये आधीपासून दडलेले असे दोष उघड झाले. त्यामुळे त्याच महिन्यातील १.५२.१ आवृत्तीत वृद्धिशील संकलन बंद ठेवण्यात आले. १.५४ आवृत्तीत (जुलै २०२१) ते पुन्हा सुरू झाले.

चाचणीच्या पद्धती

तुलना : इनपुटमध्ये यादृच्छिक बदल करत जातात. प्रत्येक बदलानंतर मिळालेले उत्तर, साठा पूर्ण रिकामा करून नव्याने काढलेल्या उत्तराशी जुळले पाहिजे.

नोंद : कोणते फलन प्रत्यक्ष चालले याची नोंद ठेवून ती अपेक्षित यादीशी ताडून पाहतात. 'रस्ट-अ‍ॅनालायझर' या साधनाच्या चाचण्यांत, फलनाच्या आत केवळ मोकळी जागा टंकल्यास प्रकारांचे अनुमान पुन्हा काढले जात नाही, हे याच रीतीने तपासतात.

उदाहरण

विद्यार्थ्याचे मराठीत ७० व गणितात ६२ गुण आहेत. एक फलन बेरीज काढते आणि दुसरे त्या बेरजेवरून श्रेणी ठरवते. गुण दुरुस्त होऊन ६८ व ६४ झाले, तर बेरजेचे फलन पुन्हा चालले पाहिजे. मात्र बेरीज १३२ च राहिल्याने श्रेणीचे फलन चालता कामा नये. केवळ श्रेणी बरोबर आली एवढ्यावरून हे सिद्ध होत नाही. त्यासाठी नोंद पाहावी लागते. उलट, नोंद अपेक्षेप्रमाणे असली तरी उत्तराची सत्यता तुलनेनेच कळते. म्हणून दोन्ही चाचण्या आवश्यक ठरतात.

मर्यादा

फलन घड्याळातील वेळ, यादृच्छिक संख्या किंवा बाहेरील फाइल परस्पर वाचत असेल, तर त्या अवलंबित्वाची नोंद होत नाही. त्यातील बदल यंत्रणेस कळत नसल्याने जुने उत्तर तसेच राहू शकते. अशा गोष्टी उघडपणे इनपुट म्हणून दिल्यास चाचणीत त्या हेतुपूर्वक बदलून पाहता येतात.