बागेआधी अंगण

येरवडा म्हटलं की पहिल्यांदा तुरुंग आठवतो. १९३२ सालचा पुणे करार त्याच तुरुंगात झाला, हे आपण शाळेत शिकलो. दुसरी आठवण बंडगार्डनची. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून नदीवर बंधारा झाला, काठाशी बाग आली, पुढे १८६०च्या दशकात फिट्झजेरल्ड पूल उभा राहिला. पण ती बाग शहराच्या बाजूला. पुलापलीकडच्या वस्त्यांचा इतिहास पुस्तकांत फारसा येत नाही. आज त्याविषयी बोलायचं आहे.

नेताजीनगर, मदर तेरेसानगर, भाटनगर, नागपूर चाळ ही नावं पुणेकरांना ठाऊक आहेत. अशा दाट वस्तीत गल्ली हाच रस्ता, हाच ओटा आणि पोरांचं मैदानही हेच. २००५ साली केंद्र सरकारचं नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू झालं. झोपडी पाडायची आणि माणसांना दूरच्या इमारतीत पाठवायचं, ही सरकारी योजनांची नेहमीची रीत. येरवड्यात वेगळं घडलं. कच्चं घर पाडून त्याच जागी सुमारे २७० चौरस फुटांचं पक्कं घर बांधायचं ठरलं. खर्चाचा साधारण दहावा हिस्सा कुटुंबानं भरायचा.

या कामात ‘स्पार्क’ या संस्थेबरोबर ‘महिला मिलन’च्या बायका होत्या. ही संघटना १९८६ साली मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी उभी केली. घराची उंची साडीनं मोजणाऱ्या या बायका! येरवड्यातही त्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली, बैठका घेतल्या. वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांच्यासोबत २००९च्या सुमारास फिलिप बालेस्ट्रा आणि सारा योरान्सन या परदेशी तरुणांनी घरांचे तीन नमुने मांडले. त्यांतल्या एकात तळमजला मोकळा ठेवला होता. तिथे दुकान थाटा, गाडी लावा, नाहीतर शेजारणींशी बोलत बसा.

मला महत्त्वाचा वाटतो तो हा मोकळेपणा. घर वर चढवलं की खाली थोडी जमीन सुटते. शेजाऱ्यांनी जागा जुळवून घेतल्या तर गल्लीही रुंदावते. पण त्यासाठी हात-दोन हात जमीन सोडायला कुणीतरी राजी व्हावं लागतं. ती संमती नकाशातून मिळत नाही, ओट्यावरच्या बोलण्यातून मिळते.

याला बाग म्हणता येणार नाही. म्हाताऱ्यांच्या वाट्याला जिना आला. पोरांना खेळायला मोठं मैदान हवंच, आणि ते देणं महापालिकेचं काम आहे. मात्र ते कुठे असावं, संध्याकाळी तिथे दिवा असेल का, मुली तिथे निर्धास्त बसतील का, याची उत्तरं वस्तीलाच ठाऊक असतात. म्हणून उद्या तिथे बाग आखायची झाली, तर मोजपट्टी आधी त्या बायकांच्या हाती द्यावी.