दीड टन गारवा

मागच्या शनिवारी आमचा एसी रुसला. म्हणजे चालू होता, पण फुंकर नुसती कोमट. एप्रिलचा शेवट, पुण्यात चाळीस अंश, आणि आमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड करून. (घेताना याला 'सनसेट व्ह्यू' म्हणतात आणि त्याचे जादा पैसे लावतात. असो.) दुपारी मेकॅनिक आला, विशीतला पोरगा. खिडकीतून बाहेर छज्ज्यावर उतरला आणि एका हाताने ग्रिल धरून दुसऱ्या हाताने बाहेरचं युनिट खोलायला लागला. मला बघवेना. मी आत येऊन बसलो.

तेवढ्यात कन्यारत्नाने विचारलं, "बाबा, दीड टनाचा एसी म्हणजे याचं वजन दीड टन आहे का?"

मी इंजिनिअर, त्यात बाप. माहीत नाही असं म्हणवेना. म्हटलं, संध्याकाळी सांगतो. आणि गुपचूप वाचायला बसलो. अख्खा वीकांत त्यातच गेला, म्हणून हा लेख.

तर मंडळी, हा टन बर्फाचा आहे. एक टन बर्फ (अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो) चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून उपसून बाहेर टाकणारं यंत्र ते एक टनाचं. यंत्रं आली तेव्हा गिऱ्हाइकाला बर्फाचा हिशोब कळत होता, म्हणून माप बर्फाचं. हॉर्सपॉवरसारखंच, घोडे गेले आणि माप राहिलं.

बर्फ एकेकाळी आपल्याकडे चक्क अमेरिकेहून यायचा. १८३३ च्या मे महिन्यात फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याचा १८० टन बर्फ घेऊन 'टस्कनी' हे जहाज बोस्टनहून कलकत्त्याला निघालं. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यातून कापलेला बर्फ. चार महिने, दोनदा विषुववृत्त ओलांडून, जहाज पोचलं तेव्हा शंभरेक टन शिल्लक होता! पुढच्या वर्षी मुंबईतही बर्फ आला. जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, अशी बातमी 'मुंबई समाचार'ने दिल्याचं गॅझेटिअरमध्ये आहे :)

पण हा बर्फ पेल्यातला. घर गार करायचं साधन वेगळंच होतं, आणि ते म्हणजे साधं पाणी.

थोडं गणित करतो, कंटाळू नका. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते. एक टनाचा एसी तासाला साडेबारा हजार किलोज्यूलच्या आसपास उष्णता बाहेर काढतो. म्हणजे तासाला पाच लिटर पाणी वाळवलंत की झाला एक टन. आमचा दीड टन म्हणजे आठ लिटर, अर्धी बादली. आकडा आल्यावर मी दोनदा तपासून पाहिला, कारण तो फारच स्वस्त वाटत होता.

हे आपल्याकडे फार आधीपासून ठाऊक होतं. बाबराला हिंदुस्थानातल्या तीन गोष्टींचा भयंकर त्रास झाला: उष्मा, वारा आणि धूळ. तिन्हींवर उतारा म्हणून त्याने आग्र्याच्या बागेत हमामखाना बांधून घेतला. नातू अकबर त्याच्या पुढे गेला. 'ऐन-ए-अकबरी'त वाळ्याच्या मुळांच्या खोल्यांचं वर्णन आहे, खसखाना. भिंतींवर पाणी शिंपडलं की आत ऐन उन्हाळ्यात हिवाळा. पुढे हेच सुटसुटीत होऊन वाळ्याची ताटी आली. बांबूच्या चौकटीत वाळ्याची मुळं दाबून बसवायची, पश्चिमेच्या दारा-खिडकीला लावायची आणि ओली ठेवायची. बाहेरची लू ताटीतून आत येताना झुळूक होऊन येते, वर वाळ्याचा वास फुकट.

अट एकच, हवा कोरडी पाहिजे. अकोल्यात मे महिन्यात ४४ अंशांवर आर्द्रता पंधरा टक्क्यांपर्यंत उतरते. तशा हवेत ओल्या ताटीतून आलेला वारा २८-३० अंशांपर्यंत खाली येतो. मुंबईत ३४ अंशांवर हाच खटाटोप केला तर तीन-चार अंश उतरतात आणि अंगाची चिकचिक वाढते. म्हणून मुंबईकरांना कूलरचं प्रेम कधी कळलं नाही आणि विदर्भातल्या माणसाला मुंबईच्या उन्हाळ्याची तक्रार कळत नाही.

आता गणितात मी एक गोष्ट गाळली होती. ते पाणी ताटीवर टाकायचं कोणी?

'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' ही म्हण आपण वापरतो, पण पखाल पाहिलेली पिढी आता संपत आली. कातड्याची पाण्याची मोठी पिशवी, रेड्याच्या पाठीवर लादलेली. माणसाने पाठीवर घ्यायची लहान मशक साधारण तीस लिटरची. ती वाहणारा भिस्ती किंवा पखालजी दिवसभर विहीर ते बंगला करायचा आणि लू सुरू झाली की ताटीवर पाणी मारत राहायचा. कुठे उभं राहून? अर्थात बाहेरून. लू ताटीच्या ज्या बाजूला लागते त्या बाजूला.

वारा पडला की ताटीचा उपयोग संपतो. त्यावर गोऱ्या साहेबांनी एक यंत्र काढलं, थर्मँटिडोट. फॅनी पार्क्स नावाची एक बाई अलाहाबादेत राहायची. १८५० साली छापलेल्या प्रवासवर्णनात तिने त्याची तपशीलवार माहिती दिली आहे. सातेक फूट उंच, नऊ-दहा फूट लांब लाकडी पेटारा, खाली चाकं. बाजूंना वाळ्याच्या ताट्या. वर भोकं पाडलेली पन्हळ, तिच्यातून ताट्यांवर सतत पाणी ठिबकतंय. आत लोखंडी दांड्यावर बसवलेली पाती, आणि पुढचं तोंड घराच्या खिडकीत खुपसलेलं.

हे वाचल्यावर मी लॅपटॉप मिटला आणि जोरात हसलो. अहो, हा आमचा अकोल्याचा कूलर! ताट्या त्याच, वरची पन्हळ तीच, पंखा तोच, खिडकीत खुपसलेलं तोंडही तेच. पावणेदोनशे वर्षांत डिझाइनमध्ये म्हणण्यासारखा एकच बदल झाला. मोटर आली. त्याआधी दांडा फिरवायला बाहेर दोन माणसं उभी असायची.

आणि पंखा. जुन्या सिनेमात दिसतो तो छताला टांगलेला, झालर लावलेला लांबलचक पंखा. अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्यात साहेबांच्या घरी तो दिसायला लागला आणि मग बंगले, कचेऱ्या, चर्चेस, बराकी, सगळीकडे पसरला. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून व्हरांड्यात जायची. दोरीच्या दुसऱ्या टोकाला पंखावाला. दिवसा बसून ओढायचा, रात्री आडवा होऊन दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायचा आणि पाय हलवत राहायचा. ई. एम. फॉर्स्टरच्या १९२४ च्या 'अ पॅसेज टु इंडिया' कादंबरीत कोर्टाच्या प्रसंगात हा पंखावाला आहे. खटला कसला चाललाय याचा त्याला पत्ता नाही, तो दोरी ओढतोय.

माणूस आहे, रात्री दोन वाजता त्याचा डोळा लागणारच. पंखा थांबला की आत साहेब घामाने जागा व्हायचा आणि बूट घेऊन बाहेर यायचा. हे मी रंगवून सांगत नाहीये. विशेषतः बराकीतल्या सोल्जरांनी पंखा-कुलींना लाथा घालणं इतकं नेहमीचं होतं, की लॉर्ड कर्झनसारख्या कडव्या साम्राज्यवादी व्हाइसरॉयलाही (१८९९ ते १९०५) गोऱ्यांकडून होणाऱ्या मारहाणीचा प्रश्न हातात घ्यावा लागला. त्यातली काही माणसं मेली. कोर्टात ठरलेला बचाव असायचा: मयताची प्लीहा मलेरियाने आधीच सुजलेली होती, जरासा धक्का लागला आणि फुटली. पंखावाल्याची नाही, पण अशीच एक केस खूप गाजली. आग्र्याच्या फुलर नावाच्या गोऱ्या वकिलाने गाडी आणायला उशीर केला म्हणून आपल्या मोतद्दाराला मारलं आणि तो मेला. कारण प्लीहा. शिक्षा, तीस रुपये दंड. १८७६ मध्ये व्हाइसरॉय लिटनने या निकालावर जाहीर नापसंती नोंदवली, तर हिंदुस्थानातले गोरे लिटनवरच उखडले.

१८९९ मध्ये कलकत्त्यात वीज आली, १९०५ मध्ये मुंबईत. विजेचे पंखे लागले आणि शहरातून पंखावाला हळूहळू नाहीसा झाला. आडगावच्या कचेऱ्यांत आणि डाकबंगल्यांत तो पुढेही काही दशकं दोरी ओढत राहिला.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, ही साहेबाची पापं, आपला काय संबंध? आपली जुनी घरं तर मुळातच गार होती. उन्हाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर तसे फॉरवर्डही येतात: पूर्वजांचं शहाणपण, मातीच्या भिंती, एसीची गरजच नाही वगैरे. मीही दोन-तीनदा पुढे ढकलले आहेत.

शहाणपण होतंच, ते नाकारत नाही. अकोल्याच्या आमच्या जुन्या घराच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, वर धाब्याचं छप्पर. दुपारचं ऊन भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि तोवर घरदार अंगणात खाटा टाकून झोपलेलं असतं. साध्या मातीत केलेला हा लॅग कुठल्याही इंजिनिअरने टोपी काढावी असा आहे. पण ते धाबं दर पावसाळ्याआधी नवी माती टाकून चोपावं लागायचं. जमीन शेणाने सारवावी लागायची, संध्याकाळी अंगणात पाणी शिंपावं लागायचं. यातलं धाब्याचं काम गडीमाणसं करायची, बाकीचं सगळं घरातल्या बायका.

पुढे ऐंशीच्या दशकात घरात कूलर आला. पत्र्याचा, हिरवा. बैठकीच्या खिडकीला. तो आला तो दिवस मला सणासारखा आठवतो. दुपारी जेवणं झाली की आजोबा, दोन्ही काका आणि आम्ही सगळी पोरं बैठकीत सतरंजीवर आडवे. वाळ्याचा वास, पंप्याची गुरगुर, अशी झोप पुन्हा कुठल्याच एसीत लागली नाही.

कूलर तासाला आठ-दहा लिटर पाणी सहज प्यायचा. नळाला पाणी चार दिवसांआड. म्हणजे विहिरीचं. काका झोपेतून ओरडायचे, "अरे, कोणी पाणी टाकलं का बे? कोरडाच चालू राह्यला हा!" आम्ही पोरं झोपेचं सोंग घ्यायचो. मग बाहेर बादलीचा आवाज यायचा. आई किंवा काकू, पायात चपला घालून (कूलरला शॉक असायचा, विदर्भात दर उन्हाळ्यात त्याने माणसं दगावतात), अडीच वाजताच्या उन्हात खिडकीबाहेर उभी राहून बादल्या ओतायची. मग पाण्याचा पहिला गार झोत आत यायचा आणि आम्ही कूस बदलायचो.

आजीची जागा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. तिथे कूलरचा वारा पोचायचा नाही. "आजी, इकडे ये ना," म्हटलं तर म्हणायची, "मले थंडी बाधते रे बाबा." हे मी परवापर्यंत खरं मानत होतो. शनिवारी रात्री आईला फोन केला आणि सहज विचारलं, आजीला खरंच थंडी बाधायची का? आई हसली. म्हणाली, "अरे, तिथे तुम्ही सगळे पसरलेले असायचे. तिला जागा कुठे होती?"

असो.

एसी दुरुस्त झाला. गॅस कमी झाला होता म्हणे. मेकॅनिक छज्ज्यावरून आत आला तेव्हा शर्ट पिळून काढण्यासारखा. दोन तांबे पाणी प्यायला आणि एसीसमोर मिनिटभर उभा राहिला. म्हटलं, "बस ना दादा जरा." म्हणाला, "नाही सर, अजून पाच कॉल आहेत."

कन्येला संध्याकाळी टनाचं उत्तर दिलं. तिला बर्फाचं जहाज आवडलं. मग ती बाल्कनीत गेली, बाहेरच्या युनिटसमोर हात धरला आणि ओरडली, "बाबा, इथे केवढं गरम येतंय!" तिला सांगितलं, खोलीतलीच उष्णता ती, वर मोटरची थोडी. एसी काही तिला संपवत नाही, फक्त बाहेर नेऊन टाकतो. "मग बाहेर कोण असतं?" ती म्हणाली आणि कठड्यावरून खाली वाकली.

आमच्या बाजूच्या चौदा मजल्यांची बाहेरची युनिटं ज्या बोळकांडीत तोंड करून आहेत, तिच्या तळाशी वॉचमन काकांची पत्र्याची केबिन आहे. ते बाहेर खुर्ची टाकून बसले होते, ओला पंचा डोक्यावर घेऊन.

पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. केबिनला कूलर घ्यायचा विषय मी काढणार आहे. खर्चाला कोणी नाही म्हणणार नाही बहुतेक. पण त्यात पाणी कोण भरणार, हे कोणीतरी विचारेलच.