अतिदक्षतोत्तर आरोग्यपाहणी : रुग्णांचा अभिप्राय

अतिदक्षता विभागातून बचावून घरी गेलेल्या रुग्णाच्या प्रकृतीची काही महिन्यांनी वा वर्षांनी ठरावीक प्रश्नावलीद्वारे केली जाणारी चौकशी. मार्गारेट हेरिज प्रभृती कॅनेडियन वैद्यांनी २००३ मध्ये तीव्र श्वसनविकारातून वाचलेल्या १०९ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेऊन, फुफ्फुसे बव्हंशी सावरली तरी स्नायूंची क्षीणता हटत नाही, असे दाखविले. २०१२ मध्ये दौर्बल्य, विस्मरण, खिन्नता या तक्रारींना एकत्रित नाव देण्यात आले. एसएफ-३६, पाच अंगांची ईक्यू-५डी आणि आघातानंतरचा मानसिक त्रास मोजणारी बावीस प्रश्नांची आयईएस-आर ही प्रचलित साधने होत.

अशी पाहणी प्रत्यक्षात कशी होते याचे एक उदाहरण म्हणजे सीताबर्डी, ही नागपूरची मध्यवर्ती पेठ. तिच्या लगतच्या धंतोली-रामदासपेठ भागांत रुग्णालयांची दाटी असून भंडारा, गोंदिया, गडचिरोलीपासून थेट छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण येथे आणले जातात. २०२१ च्या एप्रिलात करोनाच्या लाटेने येथील खाटा अपुऱ्या पाडल्या, तेव्हापासून अशा बचावलेल्यांचा वर्ग वाढला. इतक्या दूरच्या माणसास गाठावयाचे तर दूरध्वनीवाचून गत्यंतर नाही, आणि तो बहुधा मुलाच्या खिशात असल्याकारणाने उत्तरेही पुष्कळदा मुलगाच देतो. दवाखान्याचे नाव ऐकताच बिलाची बाकी निघाली की काय, ही पहिली शंका. ती फिटल्यावर, एवढ्या आपुलकीने विचारणाऱ्याचे मन मोडू नये म्हणून दिलेले ‘बरं हाय जी’ हे उत्तर. रकान्यात ते सुधारणा म्हणून नोंदले जाते, यात दोष सांगणाऱ्याचा नव्हे.

खरी अडचण प्रश्नांत आहे. एसएफ-३६ च्या मूळ इंग्रजी मसुद्यात मध्यम श्रमाची उदाहरणे म्हणून टेबल सरकविणे, व्हॅक्यूम क्लीनर चालविणे आणि गोल्फ खेळणे ही दिलेली आहेत. धानाच्या बांधीत दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या बाईला यांतून काय बोध व्हावा? तिच्या लेखी बरे होणे म्हणजे उकिडवे बसून हाताचा टेकू न घेता उठता येणे, आणि ते विचारणारा रकाना त्यात नाही. इलाजापायी झालेल्या कर्जाचाही रकाना नाही, जरी रात्रीची झोप पुष्कळदा त्यानेच उडालेली असते. उलट आयईएस-आरमधील स्वप्नांविषयीचा प्रश्न अनेकांना दिलासा देऊन जातो: बेशुद्धीत भिंतीवर दिसलेली माणसे, बांधलेल्या हातांची भीती, हे सारे ‘वेडा म्हणतील’ या धास्तीने घरात कुणापाशी न बोललेल्या माणसास, हे इतरांनाही होत असले पाहिजे, असे तेव्हा प्रथमच उमगते.

फार थकलेले व घरातच खिळलेले रुग्ण बहुधा फोनवर येतच नाहीत. सबब पाहणीतील सरासरी वस्तुस्थितीहून उजळ दिसते. रुग्णांची सर्वांत रास्त तक्रार मात्र वेगळीच आहे. विचारपूस होते, कागद दप्तरी दाखल होतो, आणि ज्याने ‘झोप येत नाही’ असे सांगितले त्याला ओपीडीची तारीख कुणी देत नाही.